निळा दिवा आधी का मंदावतो?

(इयत्ता सातवी व आठवीच्या ‘प्रकाश’ या घटकास पूरक)

प्रकाश हा घटक शिकविताना आपण सूर्य, समई, कंदील आणि विजेचा बल्ब असा क्रम घेतो व बहुधा तेथेच थांबतो. कर्जत व खालापूर तालुक्यांतील मुलांस विजेची कथा तशी घरचीच आहे. खोपोलीच्या वीजगृहाचे उद्घाटन १९१५ साली झाले आणि भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली चालू झाले. घाटमाथ्यावरील तलावांत साठविलेले पावसाचे पाणी पोलादी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली उतरते आणि त्या उतरण्यातूनच वीज निर्माण होते, हे आपल्याकडील पुष्कळ मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. परंतु ज्या प्रकाशाकडे ती दिवसातून सर्वांत अधिक वेळ पाहतात, तो प्रकाश समईचा नाही, बल्बचाही नाही. तो मोबाइलच्या पडद्याचा आहे. त्याविषयी पाठ्यपुस्तकात फारसे नाही, आणि आपणांसही सांगता येत नाही.

मला सांगता आले नाही, आणि त्याची किंमत एका मुलास मोजावी लागली. ती हकीकत प्रथम सांगतो.

आठवीतील एका मुलाच्या वडिलांनी वीटभट्टीच्या हंगामातील मजुरीतून एक जुना, वापरलेला मोबाइल विकत घेतला होता. काही महिन्यांनी पडद्याच्या वरच्या कडेस, जेथे घड्याळ व बॅटरीची खूण सतत दिसते तेथे, पिवळसर छाया उमटली. पांढरे पान उघडले की ती स्पष्ट दिसे. दुकानदाराने सांगितले, “पोराने पाण्यात भिजवला असणार.” मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “गुरुजी, मी नाही भिजवला. मग डाग कशाने पडला?” मी पडदा हातात घेऊन पाहिला आणि पूर्ण विचार न करता म्हणालो, “पावसाळा आहे बाळ, ओल गेली असेल.” माझा शब्द घरी पोहोचला. गुरुजीच ओल म्हणतात म्हटल्यावर मुलाचे काही चालले नाही. त्यास मार बसला.

पुढे मी याविषयी वाचू लागलो, तेव्हा कळले की ओल गेल्यास पडद्यावर बहुधा काळे ठिपके पडतात किंवा काही भाग मुळीच उजळत नाही. नेमकी घड्याळाच्या आकाराची पिवळी छाया ओलीने पडत नाही. तो मुलगा खरे बोलत होता. त्याच्या वडिलांस भेटून मी माझी चूक सांगितली आणि मग हा पाठ तयार केला. शिक्षकबंधू-भगिनींनी आपापल्या वर्गाच्या मगदुराप्रमाणे तो कमीअधिक करून घ्यावा.

पाठाचा आरंभ पाहण्यापासून करावा. पडदे मुख्यतः दोन प्रकारचे असतात, आणि ते ओळखण्याची सोपी रीत अशी. खोलीची दारे-खिडक्या लावून अंधार करावा व मोबाइलवर पूर्ण काळे चित्र उघडावे. काही पडदे काळ्या चित्रातही मंद धुरकट उजेड देतात. त्यांत मागे एक पांढरा दिवा सतत जळत असतो व पुढील थर तो अडवितो. काही पडदे मात्र अंधारात दिसेनासे होतात. त्यांत मागे दिवा नसतोच. प्रत्येक ठिपका स्वतःच एक चिमुकला दिवा असतो आणि काळे म्हणजे तो विझलेला. आपला पाठ या दुसऱ्या प्रकाराचा आहे. यास बाजारात ‘ओएलईडी’ म्हणतात. नंतर अशा पडद्यावर पांढरे चित्र ठेवून एका मुलास चांगल्या भिंगातून पाहू द्यावे. पांढरा रंग कोठेच सापडत नाही. दिसतात ते तांबडे, हिरवे आणि निळे ठिपके. पुष्कळ मोबाइलांत निळा ठिपका हिरव्याहून आकाराने मोठा असतो. मुलांनी हे आपण होऊन टिपले तर उत्तम. न टिपल्यास विचारावे आणि उत्तर लगेच देऊ नये. कारखानदाराने निळ्यास अधिक जागा का दिली, हाच पाठाचा गाभा आहे.

‘ओएलईडी’ या नावातील पहिले अक्षर ज्या शब्दाचे आहे त्याचा मराठी प्रतिशब्द ‘सेंद्रिय’ असा होतो. हा शब्द वर्गात उच्चारताच मुलांस शेणखत आठवते, म्हणून थोडे थांबून खुलासा करावा. येथे सेंद्रिय म्हणजे कार्बनी. मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांनी, आणि काही ठिकाणी नायट्रोजन, ऑक्सिजन इत्यादींनी बनलेले रेणू. अशा रेणूंचे थर काचेवर चढवितात. प्रत्येक थर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा येतात. यांस ‘विवरे’ म्हणतात. मधल्या थरात दोहोंची गाठ पडली की तेथील रेणू उत्तेजित होतो, म्हणजे ऊर्जेच्या वरच्या पायरीवर चढतो, आणि खाली उतरताना प्रकाश देतो. अशा थरांचा, दहा व्होल्टहून कमी दाबावर चालणारा पहिला उपयुक्त दिवा अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली प्रसिद्ध केला. त्याचा प्रकाश हिरवा होता.

आता घाटाकडे वळावे. पाणी जितक्या उंचीवरून पडते तितकी त्याची ऊर्जा अधिक, हे मुलांस ठाऊक असते. प्रकाशाचेही तसेच आहे. तांबड्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हिरव्याची सुमारे २.३ आणि निळ्याची सुमारे २.७ असते. हे आकडे मुलांस कोरडे वाटतील, म्हणून ते घाटाच्या मापाने मांडावेत. निळ्या प्रकाशासाठी रेणूला ५०० मीटर चढावे लागते असे मानले, तर हिरव्यासाठी सुमारे ४३० मीटर आणि तांबड्यासाठी सुमारे ३७० मीटर पुरतात. याच मापाने रेणूतील कार्बन-नायट्रोजन बंध तोडण्यास सुमारे ५८० मीटर लागतात, आणि कार्बन-कार्बन बंध तोडण्यास सुमारे ६६० मीटर. म्हणजे निळा दिवा स्वतःच्या मोडण्याच्या उंचीपासून फार दूर नसतो. तांबडा बराच खाली, निर्धास्त जागी काम करतो.

यासाठी एक प्रयोग वर्गाबाहेर करता येतो. आपल्या भागात वीटभट्ट्या आहेत. तीन कच्च्या विटा मिळवाव्यात व ओट्याजवळ मांडाव्यात. एकाच वजनाचा गोल दगड पहिलीवर गुडघ्याच्या उंचीवरून, दुसरीवर कमरेच्या आणि तिसरीवर खांद्याच्या उंचीवरून पुनःपुन्हा सोडावा आणि कितव्या आघातास तडा गेला ते फळ्यावर लिहावे. (मुले अंतरावर उभी असावीत. मातीचे कण डोळ्यांत उडतात.) एका आघाताने कोणतीही वीट न फुटेल अशी उंची निवडावी, कारण खरा मुद्दा एका आघाताचा नसून अनेक आघातांचा आहे. पडद्यातील एकच रेणू पुनःपुन्हा, असंख्य वेळा वर चढतो आणि खाली उतरतो. त्यांतील एखाद्या वेळी बंध तुटला की तो रेणू कायमचा निकामी होतो. इतकेच नव्हे, त्याचे तुकडे शेजाऱ्यांचीही ऊर्जा गिळतात.

येथे एखादा चौकस मुलगा विचारील, निळ्याचे ५०० मीटर आणि बंधाचे ५८० मीटर; मग बंध तुटतो कसा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बोरघाटातील रेल्वेच्या दृष्टान्ताने देता येते. १८६३ साली खुला झालेला हा घाट कर्जतच्या मुलांस परिचित आहे. वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी इंजिने जोडतात, हेही त्यांनी पाहिलेले असते. घाटात एखादी गाडी खोळंबली आणि मागून दुसरी आली तर काय होईल? उत्तेजित रेणूंचे असेच होते. एक उत्तेजित रेणू वर थांबलेला असताना दुसरा उत्तेजित रेणू किंवा विद्युत्भार असलेला रेणू त्यास भेटला, तर एकाची ऊर्जा दुसऱ्यास मिळते. दोन निळ्यांची उंची मिळून १००० मीटर होते. बंध तुटण्यास ती हवी तितकी आहे. दोन तांबड्यांची बेरीजही ७४० मीटरपर्यंत जाते, म्हणून तांबडा दिवा अजिबात झिजत नाही असे सांगू नये. तो झिजतो, पण सावकाश.

म्हणजे धोका उंचीचा आहेच, पण वर थांबण्याच्या वेळेचाही आहे. आणि येथेच कार्यक्षमता व आयुष्य यांचे भांडण सुरू होते.

इलेक्ट्रॉन व विवर यांची गाठ पडते तेव्हा उत्तेजित अवस्था दोन प्रकारच्या होतात. चारांतील एक ‘एकेरी’ असते, तीन ‘तिहेरी’ असतात. एकेरी अवस्था काही अब्जांश सेकंदांत प्रकाश देऊन मोकळी होते. साध्या कार्बनी रेणूत तिहेरी अवस्थेस प्रकाश देण्याची जवळजवळ मुभाच नसते, तिची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे साध्या द्रव्याच्या दिव्यात शंभर गाठींपैकी पंचाहत्तर वाया. १९९८ साली अमेरिकेतील स्टीफन फॉरेस्ट, मार्क थॉम्प्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूच्या मध्यभागी प्लॅटिनमसारखा जड अणू असेल तर तिहेरी अवस्थाही प्रकाश देते, हे दाखविले. लवकरच इरिडियमची संयुगे आली. तांबडे व हिरवे दिवे या रीतीने अतिशय काटकसरी झाले. या दिव्यांस ‘फॉस्फोरेसंट’ म्हणतात.

निळ्याचे मात्र अडले. तिहेरी अवस्था प्रकाश देते खरी, पण त्यासाठी ती दशलक्षांश सेकंदाच्या मापाने वेळ घेते, एकेरीच्या तुलनेत शेकडो ते हजारो पट. इतका वेळ गाडी घाटाच्या सर्वांत उंच टप्प्यावर थांबून राहते, आणि मागून दुसरी येतच असते. तांबड्यास हा खोळंबा सोसतो, निळ्यास सोसत नाही. म्हणून आजवरच्या बहुतेक पडद्यांत तांबडा व हिरवा काटकसरी जातीचे आणि निळा मात्र जुन्या, उधळ्या पण टिकाऊ जातीचा, अशी तडजोड चालत आली आहे. त्यातच आपला डोळा निळ्या प्रकाशाविषयी मंद आहे. तितक्याच ऊर्जेचा हिरवा प्रकाश आपणांस कितीतरी अधिक उजळ भासतो. तेव्हा निळ्याने कमी मजुरीत जास्त ओझे वाहावे अशी त्याची स्थिती आहे. तेच ओझे मोठ्या ठिपक्यावर पसरावे, म्हणजे प्रत्येक रेणूच्या वाट्यास आघात कमी येतात. भिंगातून दिसलेल्या मोठ्या निळ्या ठिपक्याचे उत्तर येथे मुलांकडून काढून घ्यावे. पिवळ्या छायेचे उत्तरही येथेच आहे. पांढऱ्यातून निळा उणा झाला की उरलेले तांबडे व हिरवे मिळून पिवळे दिसते. घड्याळाच्या जागी दिवे सतत लागलेले असतात, तेथील निळा आधी दमतो.

यावर उपाय कोणते, हा पाठाचा सर्वांत रंजक भाग होय, आणि तो सांगताना मुलांस घाटातील युक्त्या सुचवू द्याव्यात. माझ्या वर्गात एका मुलीने सांगितले, “गर्दी एका ठिकाणी करू नये.” मिशिगन विद्यापीठात फॉरेस्ट यांच्याच गटाने २०१४ साली नेमके हेच केले होते. प्रकाशदायी रेणूंचे प्रमाण थरात सर्वत्र सारखे न ठेवता एका बाजूकडून दुसरीकडे क्रमाने बदलत नेले. त्यामुळे उत्तेजित रेणू एका कडेस न साचता थरभर पसरले आणि आधीच्या दिव्याच्या मानाने आयुष्य सुमारे दसपट झाले. २०१७ साली त्याच गटाने आणखी एक उपाय दाखविला. बोरघाटात ताबा सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून काढून चढाच्या आडमार्गावर घेण्यासाठी ‘कॅच सायडिंग’ असते. तशीच सोय थरात केली. टक्करीतून अतिशय तापलेली अवस्था निर्माण झाली की तिची ऊर्जा आपल्याकडे ओढून निरुपद्रवीपणे उतरविणारे वेगळे रेणू मिसळले.

तिसरी युक्ती गाडी लवकर सोडण्याची. जपानमधील क्यूशू विद्यापीठाच्या चिहाया अदाची यांनी २०१२ साली जड धातूवाचूनच तिहेरी अवस्थेस एकेरीत परत आणणारे रेणू दाखविले. त्यांची एकेरी व तिहेरी पायरी इतकी जवळ असते की आसपासच्या उष्णतेनेच रेणू खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर येतो आणि प्रकाश देतो. फॉरेस्ट यांच्या गटाने पुढे दिव्याच्या धातूच्या पत्र्याची व थरांची रचना अशी बदलली की उत्तेजित रेणू अधिक त्वरेने आपली ऊर्जा देऊन मोकळा व्हावा. म्हणजे रेणू बदलला नाही, परिसर बदलला. आणि २०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियाच्या एलजी डिस्प्ले कंपनीने दोन निळे थर एकावर एक ठेवलेला पडदा दाखविला. खालचा जुन्या टिकाऊ जातीचा, वरचा फॉस्फोरेसंट. विजेची बचत सुमारे पंधरा टक्के, आणि टिकाऊपणा पूर्वीइतका, असे कंपनीने सांगितले. पूर्ण फॉस्फोरेसंट निळ्याकडे जाण्याची ही निम्मी वाट झाली.

आपल्या राज्यातही या विद्येचे अभ्यासक आहेत. नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील संजय ढोबळे हे प्रकाशदायी द्रव्यांवर दीर्घ काळ काम करीत आले असून या दिव्यांवरील त्यांचा सहलेखकांसह लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २०१७ साली प्रसिद्ध झाला.

आणखी एक उपाय आपल्या जिल्ह्याशी नाते सांगणारा आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. अलिबाग तालुक्यातील थळ येथे भारी पाण्याचा कारखाना आहे. तो १९८७ साली चालू झाला. शेजारच्या खतकारखान्याच्या वायूतून, अमोनियाच्या साहाय्याने, तेथे जड हायड्रोजन म्हणजे ड्यूटेरियम वेचून घेतात. भारी पाणी अणुभट्टीसाठी लागते, हे आपणांस ठाऊक असते. परंतु निळ्या दिव्याच्या रेणूतील काही साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसविले तर तो रेणू अधिक टिकतो, असे दिसून आले आहे, आणि २०२१ च्या अखेरीस घोषित झालेल्या काही दूरदर्शन-पडद्यांत ते वापरलेही गेले. कारण असे. रेणूतील अणू कधीच पूर्ण स्तब्ध नसतात. सर्वांत शांत अवस्थेतही ते बंधाच्या टोकाशी थरथरत असतात. विहिरीच्या तळाशी दोराला टांगलेली रिकामी घागर थोड्या धक्क्याने हेलकावे खाते, भरलेली तितकी खात नाही. ड्यूटेरियम साध्या हायड्रोजनच्या दुप्पट जड, म्हणून त्याची थरथर कमी आणि बंध तुटण्याच्या काठापासून ते थोडे अधिक खोल बसलेले. तोडावयास थोडी अधिक ऊर्जा लागते. फरक लहान, पण आघात असंख्य असल्याने तो लहान फरकही मोलाचा ठरतो. थळचे ड्यूटेरियम कोणा पडद्यात गेले आहे असे मी म्हणत नाही. मात्र आपल्या देशाचे भारी पाणी मंडळ अणुभट्टीबाहेरील उपयोगांसाठीही हा पदार्थ पुरविते, एवढे मुलांस सांगावे. अलिबागच्या सहलीस जाणाऱ्या वर्गास वाटेतील हा कारखाना नुसता धुराडी दाखवून पुढे नेऊ नये.

आयुष्य मोजण्याची रीत थोडक्यात सांगावी. बल्बची तार तुटली की त्याचे आयुष्य संपले, हे सरळ आहे. हा दिवा तसा एकाएकी विझत नाही, तो मंदावतो. म्हणून आरंभीचा प्रकाश शंभर धरून तो पंचाण्णववर किंवा पन्नासवर येण्यास किती तास लागले ते मोजतात. दोन दिव्यांची तुलना करताना दोन्ही सारख्याच उजेडावर जाळले होते का, हे आधी विचारावे लागते, नाही तर तुलना खोटी. उजेड निम्मा केला तर आयुष्य दुप्पट होते असा मुलांचा अंदाज असतो. प्रयोगांत ते सामान्यतः तिप्पट-चौपट भरते, कारण गर्दी कमी झाली की टक्करी त्याहून झपाट्याने कमी होतात. घरी सांगण्याजोग्या गोष्टी यातूनच निघतात: पडद्याचा उजेड गरजेपुरता ठेवणे, एकच चित्र तासन्‌तास उघडे न ठेवणे, वापर नसता पडदा विझविणे. पडलेली छाया मात्र पुसून जात नाही. ती घालवून देतो म्हणणाऱ्यास पैसे देऊ नयेत.

पाठ संपताना त्याच मुलाने मला आणखी एक प्रश्न विचारला. “मग गुरुजी, काजव्याचा दिवा का नाही झिजत? तोही कार्बनीच ना?” काजव्याच्या प्रकाशाचे द्रव्य कार्बनी आहे, हे खरे. परंतु काजवा एकच रेणू पुनःपुन्हा वर चढवीत नाही. त्याचा रेणू हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो, एकदाच चमकतो आणि बदलून जातो. पुढील चमकेसाठी शरीर नवे द्रव्य पुरविते. पडद्यातील रेणूस मागून कोणी पुरवठा करीत नाही. शिवाय आपल्या रानातील काजव्याचा प्रकाश पिवळसर-हिरवा असतो, निळा नसतो. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे आपल्या पडद्याला जेवण नाही.” मी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवले आणि त्याखाली तारीख घातली.